घरची हजेरी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांचे पत्र आले, त्यात ‘आधुनिक काळ व आपली कुटुंबसंस्था’ असा भारदस्त विषय त्यांनी आम्हांस नेमून दिला होता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. १९७५ साली ती परीक्षा उतरलो, पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन १९७८ पासून २०१६ पर्यंत ३८ वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून मुले शिकविली. एवढ्या भांडवलावर कुटुंबसंस्थेची मीमांसा करणे आम्हांस पेलणारे नाही. म्हणून विषय तोच ठेवून तो एका आठवड्याएवढा लहान करण्याची परवानगी आम्ही मागितली व चिटणीसांनी ती उदार मनाने दिली. आता जे बोलू त्यात पांडित्य आढळले नाही तर दोष आमचा. कंटाळा आला तर निम्मा त्यांचा.

हा आठवडा २०२५ सालच्या जुलै महिन्यातील, ७ तारखेपासून १३ तारखेपर्यंतचा. आदल्या रविवारी आषाढी एकादशी होती. आम्ही कराडास घरी एकटेच होतो. आमच्या सौभाग्यवती कन्येच्या बाळंतपणासाठी सोलापुरास गेल्या होत्या. रात्री नऊच्या सुमारास सूनबाईंचा फोन आला. चिरंजीव व सूनबाई पुण्यास हडपसर भागात राहतात. चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यात आहेत. कारखान्याची गाडी पहाटे सहाच्या आत नाक्यावर येते. सूनबाई खराडीतील एका कचेरीत हिशेबाचे काम पाहतात. आमची नात दीड वर्षाची. ती दिवसा पाळणाघरात असते.

सूनबाई म्हणाल्या, “आबा, छकुलीला दुपारपासून जुलाब आणि उलट्या होत आहेत. डॉक्टरांना दाखवून आणलं. पण उद्या पाळणाघरात तिला घेणार नाहीत. माझ्या आईला घर सोडता येत नाही, आजी अंथरुणावर आहेत. आई सोलापूरला. तुम्ही... तुम्हाला जमेल का?”

त्या ‘तुम्ही’नंतरचा विराम आम्ही ओळखला. शाळेत एखाद्या कच्च्या विद्यार्थ्यास नाइलाजाने फळ्याकडे बोलावताना आम्हीही असेच क्षणभर थांबत असू. पाळणाघराच्या नियमास आमचा आक्षेप नाही. एका मुलाचे दुखणे दहा मुलांस लागू नये म्हणून तो केलेला असतो आणि तो योग्यच आहे. मात्र त्या नियमाचा अर्थ असा होतो की, मूल धडधाकट असेल त्या दिवशी त्याला सांभाळणारे पुष्कळ, आणि ज्या दिवशी खरोखर माणूस हवे त्या दिवशी कोणी नाही.

सोमवारी पहाटेच्या एस.टी.ने निघून आम्ही साडेनऊला स्वारगेटास उतरलो. घरी पोहोचलो तेव्हा सूनबाई खांद्यास पर्स लावून दारातच उभ्या होत्या. जून अखेर तिमाही संपलेली, हिशेब पुरे करून वरच्या कचेरीस पाठविण्याचे ते दिवस. त्या आठवड्यात कोणासही रजा नाही असे आधीच बजावलेले होते. त्यांनी आम्हांस भराभर सर्व समजावून दिले. जलसंजीवनीची पुडी, ती एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पुरी मिसळावयाची, अर्धी नव्हे. केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावयाचे. जस्ताचे, म्हणजे झिंकचे, औषध दररोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करावयाचे. खाणे बंद करावयाचे नाही. प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर पाणी पोटात गेले पाहिजे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरुवात. इतके सांगून त्या गेल्या. जिना उतरताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले.

आता येथे आम्ही श्रोत्यांस थोडे गणित घालतो. शिक्षकाची खोड जात नाही. मुलाच्या तोंडी पेला लावला तर ते घटाघट पिते आणि सारे उलटून टाकते. म्हणून चमच्याने पाजावयाचे. चमचा ५ मिलिलिटरचा, म्हणजे १०० मिलिलिटरांस २० चमचे. एक चमचा दिल्यावर सुमारे दोन मिनिटे थांबावयाचे, म्हणजे एका खेपेस ४० मिनिटे. सोमवारी नातीस आठ वेळा जुलाब झाले. आठ चोक बत्तीस. ३२० मिनिटे, म्हणजे ५ तास २० मिनिटे. हे केवळ पाणी पाजण्याचे. अंग पुसणे, कपडे बदलणे, रडणे शांत करणे, भरविणे, लंगोट धुणे वेगळे. आम्ही ३८ वर्षे ज्याला पुरा शाळेचा दिवस म्हणून पगार घेतला तो याहून फारसा मोठा नव्हता. आणि शाळेत मधली सुट्टी असते.

आमच्या आयुष्यात हे गणित आम्ही प्रथमच मांडीत होतो. आम्हांस तीन अपत्ये झाली, आणि वयाच्या ६७व्या वर्षी कळले की आजारी मुलापाशी बसणे याला ‘बसणे’ हा शब्दच चुकीचा आहे.

लंगोटांवरून आठवले. हल्लीच्या तयार चड्ड्यांनी मुलीचे अंग लाल होऊन आले होते. घरात सुती कापड म्हणून काही नव्हते. आम्ही आमचे एक जुने मऊ धोतर बरोबर नेले होते, ते फाडून दुपारी नात झोपली असता हाताने दहा-बारा लंगोट शिवून काढले. टाके तीर्थरूपांनी घालून दिलेले. अजून हात विसरलेला नाही. आपल्या ज्ञातीचा धंदा आम्ही नोकरीच्या नादाने सोडला, तो असा परत भेटला.

तीर्थरूपांचे दुकान म्हणजे घराची पुढची ओसरी. तेथे यंत्र, मागे माजघर, आणि मधल्या तुळईस लुगड्याची झोळी. मातोश्री काजे-बटणे करीत आणि पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून झोळी हलवीत. मूल आजारी पडले तर दुकान बंद करावे लागत नसे व कोणास अर्जही द्यावा लागत नसे. आपल्या संमेलनांतून त्या दिवसांची स्तुती दरवर्षी होते. ती आम्ही करणार नाही. कारण आमच्या मातोश्रींस सात अपत्ये झाली आणि त्यांतील चार जगली. त्या काळी मुलाजवळ माणूस होते, पण काय करावे हे त्या माणसास ठाऊक नव्हते. आज काय करावे ते पुडीवर छापलेले आहे आणि माणूस चाकणला गेलेले आहे.

या पुडीचा थोडा इतिहास सांगणे अस्थानी होणार नाही. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि त्यांच्या छावण्यांत पटकी पसरली. सीमेजवळच्या बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले, जमिनीवर ओळीने रोगी निजलेले. तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात करून पिंपांतून ठेवले व ते पाजण्याचे काम रोग्यांच्या आप्तांकडे सोपविले. साखरेच्या संगतीने आतडे मीठ आत घेते आणि त्यांच्यामागून पाणी येते. जुलाब चालू असतानाही हा व्यवहार बंद पडत नाही. हे तत्त्व प्रयोगशाळेत आधी सापडले होते, पण ते अडाणी माणसाच्या हातून साधेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. जेथे शंभरांतील तीस दगावत होते तेथे हे पाणी दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा चारांच्याही खाली आले. १९७८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा शोध या शतकातील वैद्यकाची कदाचित सर्वांत महत्त्वाची प्रगती ठरेल असे लिहिले. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. पुढील वर्षी भारत सरकारने त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण दिले. आम्हांस या हकिकतीत सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की, बनगावात चमचा आणि पेला आईच्या, भावाच्या, शेजाऱ्याच्या हाती होता. औषध स्वस्त होते, पण ते पाजणारा माणूस रोग्याच्या उशाशी बसून होता.

सोमवारी एक शेजारीण मायेने फळांच्या चवीच्या पेयाचा खोका घेऊन आल्या. त्यावर ‘ओआरएस’ ही तीन अक्षरे ठळक होती. सूनबाईंनी ते न देण्याविषयी आधीच सांगून ठेवले होते म्हणून बरे. अशा गोड पेयात साखर प्रमाणाबाहेर असते आणि तिने जुलाब वाढतात. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ भगिनी याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडत होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरे घालण्यास मनाई केली. तरी पुडी घेताना ती जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे आहे ना, हे वाचूनच घ्यावी.

मंगळवारी उलट्या वाढल्या. आम्ही एक वही केली होती. डाव्या रकान्यात वेळ, पुढे चमचे, पुढे शौच, लघवी, उलटी, झोप. हजेरीपट भरण्याची सवय, दुसरे काय! त्या वहीनेच आम्हांस सावध केले. दुपारी १२ नंतर लघवीचा रकाना कोराच होता. सायंकाळी सातला नात रडली, पण डोळ्यांत पाणी नव्हते. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसेना. सूनबाई नुकत्याच घरी आल्या होत्या. त्यांस घेऊन आम्ही रिक्षाने जवळच्या बालरुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी वही हातात घेतली, दोन मिनिटे वाचली व काही न विचारता सलाईन लावण्यास सांगितले. चिरंजीव रात्री साडेनऊला चाकणहून थेट तेथेच आले.

त्या रात्री रुग्णालयाच्या ओसरीतल्या बाकावर आम्ही बसून होतो. आता जे सांगतो ते आम्ही आजवर कोणत्याही सभेत सांगितलेले नाही.

१९८५ चा पावसाळा. आम्ही पाटण तालुक्यातील एका आडगावी शाळेवर होतो. आमचे पहिले अपत्य, मुलगा, तेरा महिन्यांचा होता. त्याला असेच जुलाब लागले. घरात वडीलधारे होते, त्यांनी सांगितले की पाणी बंद करा, दूधही देऊ नका, पोटाला विश्रांती मिळू द्या. दुसऱ्या दिवशी विस्तार अधिकाऱ्यांची तपासणी होती. वर्गाच्या भिंतीस मीठ-साखर-पाण्याचे भित्तिपत्रक आम्हीच टाचले होते. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चौथीच्या मुलांकडून ते आम्ही घोकून घेतले होते, कारण अधिकारी ते विचारतील अशी वार्ता होती. घरी मात्र आम्ही वडीलधाऱ्यांपुढे मान डोलावली आणि शाळेत गेलो. सौभाग्यवतींनी सकाळी एकदाच विचारले होते, “आज राहता येणार नाही का?” आम्ही म्हणालो, “आज कसे शक्य आहे?”

सायंकाळी परतलो तेव्हा दाराला कडी होती. त्या मुलाला पाठुंगळीस बांधून पावसात ओढा उतरून एकट्याच आरोग्य केंद्रावर गेल्या होत्या. आम्ही धावत तेथे पोहोचलो तोवर सर्व आटोपले होते.

शाळेला त्या तपासणीत उत्तम शेरा मिळाला. आमची त्या वर्षीची किरकोळ रजा एकही खर्च झाली नव्हती, त्याचाही शेऱ्यात गौरवाने उल्लेख होता. पुढे निवृत्तीच्या सत्कारातही वक्त्यांनी आमच्या हजेरीचीच वाखाणणी केली. सौभाग्यवती पहिल्या रांगेत बसल्या होत्या. या ४० वर्षांत त्यांनी त्या दिवसाविषयी एक शब्द काढलेला नाही.

असो. बुधवारी दुपारी नातीस घरी सोडले. लघवी झाली, डोळ्यांत तेज आले, आमच्या चष्म्याला हात घालू लागली. संकट टळले तशी घरात दुसरी गोष्ट सुरू झाली. रात्री आम्ही दिवाणखान्यात आडवे झालो होतो, आणि शहरातल्या भिंती पातळ. सूनबाईंनी मंगळवारची रात्र जागून काढली होती व बुधवारी बिनपगारी रजा घेतली होती. त्यांच्या स्वतःच्या आजाराची रजा शिल्लक होती, पण ती मुलीच्या आजारास चालत नाही, असे कचेरीने कळविले होते. चिरंजीव म्हणत होते, “माझ्यावाचून तिकडे लाइन अडते, उद्या मला जावंच लागेल.” सूनबाईंचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, “कोणी रजा घ्यायची हे आपण कधी ठरवतच नाही. ते ठरलेलंच असतं. तू फक्त सांगतोस, उद्या जावं लागेल.”

आम्ही अंधारात उठून बसलो. ‘आज कसे शक्य आहे’ हे आमचेच वाक्य चिरंजीवांच्या मुखातून आम्ही ऐकत होतो. आम्ही त्यास हे शिकविले नव्हते. पण मुले जे शिकविले जाते तेच शिकतात असे मानणारा शिक्षक अजून आम्हांस भेटावयाचा आहे.

सासऱ्याने अशा वेळी बोलू नये हा शिष्टाचार आम्ही जाणतो. सकाळी साडेपाचला चिरंजीव जोडे घालीत असता आम्ही एवढेच म्हणालो, “तुझ्या थोरल्या भावाच्या वेळी मी शाळेत गेलो होतो.” तो होऊन वारला इतकेच त्यास ठाऊक होते, कसा, हे नव्हते. आम्ही जोडे काढण्यापर्यंतच्या अवधीत ते सांगितले. त्याने कारखान्यास फोन केला. गाडी त्याच्यावाचून गेली आणि गुरुवारी ती लाइनही, असे आम्हांस पुढे समजले, चालूच राहिली.

येथे कायद्याविषयी दोन शब्द. २०१७ सालच्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, व पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांस पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. राज्य शासनाने २०१८ साली आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांस १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण खाजगी नोकरीत मूल सहा महिन्यांचे झाले की रजा संपते. दीड वर्षाच्या मुलास जुलाब लागले तर त्यासाठी निराळी रजा देण्याचे बंधन मालकावर नाही. आणि शासनाच्या त्या १८० दिवसांतही पुरुषास वाटा मिळावयाचा तो पत्नी हयात नसेल किंवा असाध्य रोगाने खिळलेली असेल अशा प्रसंगीच. कायद्याचेही मत असे दिसते की आई धडधाकट असेपर्यंत बापाचे काम पडत नाही.

गुरुवार ही गुरुपौर्णिमा होती. दरवर्षी त्या दिवशी कराडास आमचे पाच-दहा जुने विद्यार्थी नारळ घेऊन येतात. या वेळी घरास कुलूप पाहून त्यांनी फोन केले. एक आता स्वतः मुख्याध्यापक आहेत. “गुरुजी, काय चाललं आहे?” असे त्यांनी विचारले. आम्ही खरे ते सांगितले की, लंगोट वाळत घालीत आहोत. ते बराच वेळ हसले; त्यांस तो आमचा विनोद वाटला.

चिरंजीवांस पहिल्या दिवशी चमचा धरता येईना. तो पेल्याने पाजू लागला, मूल ओकले, तो घाबरला. आम्ही त्यास दोन मिनिटांचा हिशेब समजावून दिला. दुपारपर्यंत जमले. शुक्रवारी तो कारखान्यात गेला व सूनबाईही कचेरीत. पण तिसऱ्या प्रहरी तो निम्म्या दिवसाची सुट्टी काढून परतला, आणि आम्ही ३६ तासांत प्रथमच सलग दोन घटका निजलो. शनिवारी जुलाब दोनवर आले. मुगाच्या डाळीचे खिमट नातीने वाटीभर खाल्ले आणि वाटी आमच्या डोक्यावर पालथी घातली. रविवारी सर्वांनी मिळून काय केले म्हणाल, तर झोपलो.

महिन्याने सौभाग्यवती सोलापुराहून आल्या. त्यांनी ती वही मागून घेतली व चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग उठून ती आपल्या ट्रंकेत ठेवली. काय वाटले ते त्यांनी सांगितले नाही व आम्ही विचारले नाही.

हे सर्व आपल्या मंडळापुढे सांगण्याचे कारण असे. आपल्या वधू-वर परिचय पुस्तिकेत ‘वधू नोकरी करणारी हवी’ हे वाक्य आता जवळजवळ प्रत्येक मुलाच्या माहितीखाली असते. अपेक्षा रास्त आहे. पुण्या-मुंबईत एका पगारात घर चालत नाही. परंतु त्याच पानावर मुलास येणाऱ्या गोष्टींत मोटार चालविणे, पोहणे व संगणक असतो. आजारी मुलाची व्यवस्था ठेवता येते, असे एकानेही लिहिलेले आम्ही पाहिले नाही. हा रकाना पुस्तिकेत घालावा अशी आमची सूचना कार्यकारिणीने हसण्यावारी नेली. हरकत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा मांडू.

दुसरी सूचना मात्र त्यांनी मान्य केली आहे. आपल्या ज्ञातीतील निवृत्त मंडळी प्रत्येक पेठेत, प्रत्येक उपनगरात आहेत. प्रकृती बरी, वेळ पुष्कळ, आणि सकाळी बागेत तीन फेऱ्या मारल्यावर दिवस कोठे घालवावा हा प्रश्न. ज्यांच्या घरी मूल आजारी आहे व दोघांनाही कामावर जाणे भाग आहे, अशा ज्ञातिबांधवाचा फोन आला तर एक-दोन दिवस जाऊन बसतील अशा स्त्री-पुरुषांची यादी मंडळाने ठेवावी, असे ठरले आहे. काहींनी शंका घेतली की परके माणूस घरात कसे घ्यावे. शंका योग्य आहे. म्हणूनच यादीत तेच नाव घालावयाचे ज्यास कार्यकारिणीतील दोघे ओळखतात. आणि पहिल्या भेटीस आई किंवा बाप यांपैकी एकाने घरी असलेच पाहिजे. औषध कोणी आपल्या मनाने देऊ नये. डॉक्टरांनी लिहून दिले असेल तेवढेच द्यावे आणि वही ठेवावी. बाळ फार सुस्त झाले, पाणी पिईना, सारखे ओकू लागले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले, तर वाट पाहू नये. यादीत नाव देणाऱ्यांसाठी एका रविवारी आपल्या ज्ञातीतील डॉक्टर येऊन या गोष्टी प्रत्यक्ष दाखविणार आहेत.

पुरुषांनी नावे द्यावीत असा आमचा विशेष आग्रह आहे. आमच्या वयाच्या गृहस्थांस वाटते की हे आपल्याला जमणार नाही. आम्हांसही तसेच वाटत होते. सोमवारी सकाळी नात आम्हांस पाहून अर्धा तास किंचाळत होती. काय करावे सुचेना, तेव्हा आम्ही तिला खिडकीशी नेऊन बे-चा पाढा म्हणावयास लागलो; दुसरे काही पाठ नव्हते. बे दाहे वीसपर्यंत ती गप्प झाली.

यादीची वही प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. नाव, पत्ता, दूरध्वनी, आणि कोणत्या वारी येणे शक्य आहे ते लिहावयाचे. पहिली ओळ आम्ही भरली आहे. दुसऱ्या ओळीत चिटणीसांनी आमच्या सौभाग्यवतींचे नाव परस्पर घालून टाकले होते. ते त्यांनी आज सकाळी आपल्या हाताने खोडले आणि चिटणीसांस सांगितले की, “माझी पाळी झाली. आता यांना जाऊ द्या.” तेव्हा ती ओळ रिकामी आहे. पंगतीची घंटा होण्यास अजून पंधरा मिनिटे आहेत, तोवर कोणी भरील तर बरे. आम्ही आपली रजा घेतो.